कपाटाला कुलूप होतं, डेटाबेसला नव्हतं

होस्टेलवर संध्याकाळी कुणी बूट घालताना दिसला, "कुठे चाललास रे?" असं विचारलं आणि त्याने "बुधवारात" असं उत्तर दिलं, की अख्खा मजला खिदळतो. हा विनोद आपल्या सीनियर्सच्या सीनियर्सपासून चालत आलेला आहे. खरं तर आपल्यातला प्रत्येक जण बुधवार पेठेत जातोच. सेकंडहँड पुस्तकं घ्यायला अप्पा बळवंत चौकात, रिले आणि वायरी आणायला तपकीर गल्लीत, आणि एम-थ्रीच्या पेपरच्या आदल्या दिवशी दगडूशेठच्या गणपतीला नारळ ठेवायला. पण हसू येतं ते या तिन्हींमुळे नाही. त्याच पेठेतल्या काही गल्ल्यांत ज्या बायका राहतात, त्यांच्यामुळे येतं.

मीही हसायचो. सातव्या सेमिस्टरपर्यंत. त्यानंतर जे झालं ते सांगण्यासाठी हा लेख. विषय तसा रुक्ष आहे: डेटाबेसला यूजरनेम आणि पासवर्ड लावणे. डीबीएमएसच्या जर्नलमध्ये आपण हा भाग एका पानात उरकतो आणि ओरलला "सर, सिक्युरिटीसाठी असतं" एवढं सांगून सुटतो. तो विषय एवढ्यात सुटत नाही, हे माझं म्हणणं आहे.

दोन किल्ल्यांची गोष्ट

आमच्या चौघांच्या ग्रुपने बी.ई.चा प्रोजेक्ट म्हणून बुधवार पेठेतल्या एका छोट्या संस्थेसाठी नोंदी ठेवण्याचं सॉफ्टवेअर करायला घेतलं. संस्थेचं नाव सांगत नाही, गरजही नाही. तिथे येणाऱ्या बायकांची आरोग्य तपासणी, औषधं, मुलांच्या शाळेची फी, बँकेचं खातं उघडून देणं, रेशन, अशी कामं चालतात. सगळ्या नोंदी जाडजूड रजिस्टरमध्ये, आणि सगळी रजिस्टरं एका गोदरेजच्या कपाटात. ऑफिसचं काम बघणाऱ्या ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "या कपाटाच्या दोनच किल्ल्या आहेत. एक माझ्याकडे, एक डॉक्टरांकडे. तिसरी नाही."

आम्ही दोन महिन्यांत झकास सॉफ्टवेअर बनवलं. पीएचपी, खाली झॅम्पमधला मायएसक्यूएल. (झॅम्पमध्ये हल्ली खरं तर त्याचंच भावंड मारियाडीबी असतं, पण सगळे मायएसक्यूएलच म्हणतात.) वर सुंदर लॉगिन पेज, त्यावर संस्थेचा लोगो, चुकीचा पासवर्ड टाकला की लाल अक्षरात सूचना. डेमोच्या दिवशी चहा-बिस्किटं झाली, कौतुक झालं. निघताना ताईंनी सहज विचारलं, "बाळांनो, या तुमच्या कपाटाच्या किल्ल्या किती? आणि कुणाकुणाकडे?"

आमचा सांगलीचा पार्टनर तडफेने म्हणाला, "एकच ताई, तुमच्याकडे."

रात्री होस्टेलवर मॅगी खाताना मला उगीच वाटलं, खरंच मोजून बघू. मोजायला बसलो आणि मॅगी गार झाली.

लॉगिन पेज होतं, पण ते पुढच्या दारावर. आत आमचा प्रोग्राम डेटाबेसला जोडला जायचा तो 'रूट' या सर्वाधिकारी खात्याने, आणि त्या रूटला पासवर्डच नव्हता. झॅम्प इन्स्टॉल केलं की रूटचा पासवर्ड कोरा असतो, तो आम्ही कोराच ठेवला. एवढंच नाही. ऑफिसात दोन कॉम्प्युटर होते. दुसऱ्यावरून कनेक्शन होईना, तेव्हा आमच्यातल्या एकाने (तो मीच) नेटवरून एक ओळ उचलून चिकटवली होती. त्या ओळीत रूटच्या नावापुढे टक्क्याचं चिन्ह होतं. मायएसक्यूएलमध्ये खातं म्हणजे नुसतं नाव नसतं, नाव आणि 'कुठून' अशी ती जोडी असते. टक्क्याचा अर्थ 'कुठूनही'. म्हणजे ऑफिसच्या वायफायवर आलेला कुणीही, मोबाईल दुरुस्त करायला आलेला पोरगासुद्धा, लॉगिन पेजचं तोंडही न बघता, पासवर्ड न देता, सर्वाधिकारी म्हणून आत शिरू शकत होता. सगळं वाचू शकत होता, बदलू शकत होता, पुसू शकत होता.

पुण्यातल्या जुन्या वाड्यांच्या भाषेत सांगायचं तर दिंडी दरवाजाला अडसर आणि परसदार सताड उघडं.

अजून मोजा. टेस्टिंगसाठी म्हणून खऱ्या नोंदींची एकेक कॉपी आमच्या चारही लॅपटॉपवर. पेन ड्राईव्हवर एक बॅकअप, तो पेन ड्राईव्ह सध्या कुणाकडे आहे हे कुणालाच आठवेना. कर्मचाऱ्यांचे लॉगिनचे पासवर्ड टेबलमध्ये जसेच्या तसे, उघड्या अक्षरात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये 'रिझल्ट्स' या प्रकरणात स्क्रीनशॉट टाकलेले, खऱ्या नावांसकट. तो रिपोर्ट दुसऱ्या दिवशी अप्पा बळवंत चौकात बाइंडिंगला जाणार होता. पाच प्रती. त्यातली एक डिपार्टमेंटच्या लायब्ररीत, पुढच्या बॅचला 'रेफरन्स' म्हणून.

ताईंच्या कपाटाला दोन किल्ल्या होत्या. आमच्या कपाटाला किल्लीच लागत नव्हती. कुलूपबंद असलेली माहिती आम्ही उघड्यावर आणून ठेवली आणि त्याला 'कॉम्प्युटरायझेशन' म्हणालो.

यात एवढं काय?

एखाद्या बाईचं नाव त्या यादीत आहे एवढी एकच गोष्ट बाहेर कळली, तरी काय होऊ शकतं ते विचार करा. गावी आईवडिलांना वाटत असतं, मुलगी पुण्यात कंपनीत कामाला आहे. मुलगा पाचवीत आहे, वर्गात कुणाला माहीत नाही. कुणी घरभाडं देतंय, घरमालकाला माहीत नाही. तपासणीचा रिपोर्ट ही तर त्याच्याही पुढची गोष्ट. आपला इन्स्टाचा पासवर्ड गेला तर आपण नवीन बनवतो. ही माहिती एकदा फुटली की 'रिसेट' नाही.

हे आपल्या कायद्यालाही कळलेलं आहे. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याचं अकरावं कलम म्हणतं की अशा नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक आस्थापनेने माहिती उघड होऊ नये याची, ती कुणी कशी बघायची याची पद्धत ठरवली पाहिजे, साठवलेल्या माहितीसाठी सुरक्षेची व्यवस्था केली पाहिजे आणि कोण जबाबदार हे ठरेल अशी यंत्रणा ठेवली पाहिजे. नीट वाचलं तर हा डीबीएमएसचाच धडा आहे: ऑथेंटिकेशन, ऑथोरायझेशन, ऑडिट. फक्त मार्कांसाठी नाही.

१९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना आधार कार्ड देण्याबाबत आदेश दिला. त्यात गोपनीयता पाळायला तर सांगितलंच, शिवाय आधारच्या नोंदणी क्रमांकात त्यांची ती ओळख कळेल असा कोणताही कोड असता कामा नये, असंही स्पष्ट केलं. म्हणजे न्यायालयाने एका अर्थी थेट स्कीमावर बोट ठेवलं! आपण मात्र टेबल बनवताना 'कॅटेगरी' नावाचा कॉलम बिनधास्त टाकून मोकळे होतो.

आणि हे सगळं कल्पनेतलं भय नाही. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबई परिसरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे चाळीस हजारांहून जास्त रिपोर्ट इंटरनेटवर सापडले. नावांसकट, एचआयव्हीच्या तपासण्यांसकट. कुणी मोठा हॅकर आला नव्हता. फोल्डर उघडं होतं, पासवर्ड नव्हता, बस्स.

आळसाचा इतिहास

पासवर्ड आणि विद्यार्थी यांचं नातं जुनं आहे. कॉम्प्युटरवर पासवर्डची पद्धत रुळली ती १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या एमआयटीत, फर्नांडो कोर्बातो यांच्या सीटीएसएस या प्रणालीत. एकच मशीन अनेकांत वाटून घ्यायचं, मग ज्याच्या त्याच्या फाईली वेगळ्या ठेवायच्या कशा, तर पासवर्डने. १९६२ मध्ये तिथल्याच अॅलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला मशीनवर मिळणारा वेळ पुरेना. पठ्ठ्याने पासवर्डची फाईलच प्रिंट करून घेतली आणि इतरांच्या नावावर काम केलं. सगळे पासवर्ड उघड्या अक्षरात एका फाईलमध्ये ठेवले होते, म्हणून हे जमलं. साठ वर्षं झाली. आम्ही तीच चूक केली.

डेटाबेसच्या जगात तर कोऱ्या आणि आयत्या पासवर्डांची परंपराच आहे. ओरॅकलवर शिकलेल्या प्रत्येक पिढीला 'स्कॉट' आणि 'टायगर' ही जोडी पाठ असते. ब्रूस स्कॉट हा ओरॅकलच्या सुरुवातीच्या कर्मचाऱ्यांपैकी एक, आणि टायगर हे त्याच्या घरच्या मांजराचं नाव! सरावासाठी दिलेलं ते खातं कित्येक ठिकाणी खऱ्या कामाच्या सर्व्हरवर तसंच राहून गेलं. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'एसए' नावाचं सर्वाधिकारी खातं असतं. त्याचा पासवर्ड कोरा ठेवलेले सर्व्हर शोधत फिरणारा एक वर्म मे २००२ मध्ये पसरला. त्याला कुठलीही अवघड युक्ती करावी लागली नाही, तो फक्त कडी वाजवायचा आणि दार उघडायचं.

जानेवारी २०१७ मध्ये माँगोडीबीचा नंबर लागला. जगभरात हजारो लोकांनी आपले डेटाबेस पासवर्डशिवाय इंटरनेटवर उघडे ठेवले होते. चोरांनी प्रोग्राम लावून ते हुडकले, आतला डेटा पुसला आणि त्या जागी चिठ्ठी ठेवली: इतके बिटकॉइन पाठवा, डेटा परत मिळेल. असे डेटाबेस हजारोंच्या घरात गेले. गंमत म्हणजे ज्यांनी पैसे भरले त्यांतल्या अनेकांना काहीच परत मिळालं नाही, कारण चोरांनी डेटाची कॉपी ठेवलेलीच नव्हती. माँगोडीबीत पासवर्डची सोय नव्हती असं नाही. सोय होती, चालू करायला कुणाला वेळ नव्हता.

तपकीर गल्लीतून सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणून लावणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या प्रोग्रामने जगभरातले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. त्याच्याकडे हत्यार काय होतं? कंपनीने आधीच घालून दिलेल्या यूजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्या. 'अॅडमिन-अॅडमिन' छापाच्या. त्या कॅमेऱ्यांच्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ ला डिन या कंपनीवर हल्ला चढवला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स अमेरिकेत काही तास अडखळल्या. तेव्हा डीव्हीआर स्वस्तात मिळाला म्हणून खूश होण्याआधी त्याचा पासवर्ड बदला.

आम्ही केलं काय?

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मिळून, एका सुट्टीत, सगळं दुरुस्त झालं. एवढाच वेळ लागतो हे मुद्दाम सांगतोय, कारण "वेळ नव्हता" हे आपलं आवडतं उत्तर असतं.

पहिलं काम, रूटला पासवर्ड लावला. टक्केवालं खातं उडवलं, त्यामुळे रूटने आता फक्त त्याच मशीनवर बसून आत जाता येतं. बिननावाचं एक खातं आधीपासून पडून होतं, तेही काढलं.

दुसरं, 'क्रिएट यूजर' आणि 'ग्रँट' या दोन आज्ञा वापरून कामापुरती खाती बनवली. प्रोग्रामसाठी एक खातं. त्याला फक्त याच डेटाबेसवर वाचणं, नवीन नोंद घालणं आणि दुरुस्ती करणं एवढेच अधिकार. टेबल पुसायचा अधिकार नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरसाठी 'कुठूनही' च्या जागी त्याच कॉम्प्युटरचा पत्ता. बॅकअपसाठी वेगळं खातं, ते वाचू शकतं, बदलू शकत नाही. इथे एक फरक लक्षात ठेवा. ऑथेंटिकेशन म्हणजे 'तू कोण?' आणि ऑथोरायझेशन म्हणजे 'तुला काय काय करता येईल?' पहिला प्रश्न विचारून दुसरा सोडून दिला तर वॉचमनने ओळखपत्र बघून सगळ्या खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा हातात दिल्यासारखं आहे.

तिसरं, कर्मचाऱ्यांचे पासवर्ड उघडे न ठेवता त्यांचा हॅश ठेवला. हॅश म्हणजे पासवर्डचा असा चुरा की त्यापासून पुन्हा पासवर्ड बनवता येत नाही. ज्वारी दळून पीठ होतं, पिठाची ज्वारी होत नाही, तसं. शिवाय प्रत्येकाच्या पासवर्डमध्ये आधी एक वेगळं 'मीठ' मिसळायचं, सॉल्ट म्हणतात त्याला, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी चुरा वेगळा दिसतो. पीएचपीमध्ये २०१३ पासून यासाठी तयार फंक्शन आहे, एका ओळीचं काम. स्वतःची अक्कल चालवून नवीन पद्धत शोधायची नाही.

चौथं, प्रोग्रामचा डेटाबेस पासवर्ड ज्या फाईलमध्ये असतो ती फाईल वेबच्या फोल्डरबाहेर काढली आणि गिटवर चढणार नाही याची व्यवस्था केली. गिटवर एकदा चढलेला पासवर्ड नंतर फाईलमधून पुसला तरी जुन्या इतिहासात राहतो. त्यामुळे आमचे आधीचे सगळे पासवर्ड बदलावे लागले.

पाचवं, आमच्या लॅपटॉपवरच्या खऱ्या नोंदी पुसल्या आणि टेस्टिंगसाठी खोट्या नोंदी तयार केल्या. हरवलेला पेन ड्राईव्ह सांगलीच्या पार्टनरच्या जीन्सच्या खिशात, धुवायच्या ढिगात सापडला. रिपोर्टमधले स्क्रीनशॉट बदलले. बाइंडिंगवाल्या काकांना मात्र एक दिवस थांबावं लागलं.

आणि सहावं, जे खरं तर पहिलं असायला हवं होतं. ताईंबरोबर बसून विचारलं की यातलं काय काय ठेवायची खरंच गरज आहे? निम्मे कॉलम आम्ही 'असू दे, लागलं तर' म्हणून टाकलेले होते. ते काढले. तपासणीच्या नोंदींपुढे नावाऐवजी नुसता क्रमांक, आणि क्रमांक-नावाची यादी कागदावर, त्याच जुन्या कपाटात. जी माहिती डेटाबेसमध्ये नाहीच ती डेटाबेसमधून चोरीला जात नाही.

प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. डेटाबेसचा पासवर्ड सगळ्यातून वाचवत नाही. कुणी अख्खा कॉम्प्युटरच उचलून नेला, हार्ड डिस्क काढून दुसरीकडे लावली, तर डेटाबेसच्या फाईली पासवर्ड न विचारताही वाचता येतात. त्यासाठी डिस्कच एनक्रिप्ट करावी लागते, बॅकअपसुद्धा. कॉम्प्युटर दुरुस्तीला देताना हे आठवावं.

"अरे पण..."

आमच्या मजल्यावर हे सांगितलं तेव्हा तीन आक्षेप आले. तिन्ही तुम्हीही घ्याल, म्हणून इथेच उत्तर देतो.

पहिला: "एवढ्याशा संस्थेवर कोण हल्ला करणार?" २०१७ च्या चोरांना कुठला डेटाबेस कुणाचा हे माहीतच नव्हतं. त्यांचा प्रोग्राम नंबराने पत्ते तपासत सुटला होता. पावसाला कुणाचं घर गळकं आहे हे विचारून पडावं लागत नाही.

दुसरा: "इंटरनेटला जोडलंच नाही तर?" मग धोका आतून आहे. २००५ साली पुण्यातच एका कॉल सेंटरमधल्या लोकांनी सिटीबँकेच्या अमेरिकेतल्या ग्राहकांकडून गोड बोलून पिन काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर इकडच्या खात्यांत वळवले. एकही कुलूप फोडलं नाही, किल्ली मागून घेतली. त्याहून बोलकं उदाहरण सिंगापूरचं. जानेवारी २०१९ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलं की १४,२०० एचआयव्हीबाधितांची माहिती, नाव-पत्ता-फोनसकट, इंटरनेटवर फुटली. फोडणाऱ्याचा जोडीदार डॉक्टर होता आणि त्याला ती नोंदवही बघायचा रीतसर अधिकार होता. म्हणजे पासवर्ड होता, बरोबर होता, आणि तरी घात झाला. म्हणूनच प्रत्येकाचं खातं वेगळं पाहिजे, कुणी काय उघडलं याची नोंद पाहिजे आणि सगळी यादी एकट्याने उतरवून घेता येणार नाही अशी सोय पाहिजे. पाच जणांत एकच पासवर्ड असेल तर नोंदीत 'ऑफिस'ने उघडलं एवढंच दिसतं. ऑफिस नावाचा माणूस नसतो.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात योग्य वाटतो: "त्या ताईंना अवघड पासवर्ड लक्षात कसा राहणार? मॉनिटरवर चिकटवतील." बरोबर आहे, आणि चूक ताईंची नाही, आपली आहे. एक कॅपिटल, एक आकडा, एक चमत्कारिक चिन्ह, आणि दर महिन्याला बदला, असले नियम आपणच घालतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ मध्येच सांगितलं की उगीच ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, चिन्हांची सक्ती नको, लांबी महत्त्वाची. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्या, आपल्या भाषेतले, आपल्या घरातले. ताईंनी असाच एक लांबलचक पासवर्ड केला. काय केला ते आम्हाला सांगितलं नाही. आम्ही विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तुम्हाला कशाला पाहिजे?" आमच्यापेक्षा त्यांना विषय लवकर कळला होता.

सरांना आणि मॅडमना विनंती

हे सगळं आम्हाला व्हायवाला कुणी विचारलं नाही. व्हायवाला विचारलं, "थ्री-टियर आर्किटेक्चर काय असतं?" आम्ही सांगितलं. मार्क मिळाले. दोष कुणाला द्यायचा नाही, पण तीन गोष्टी सहज करता येतील असं वाटतं.

लॅबमध्ये सगळ्यांना एकच 'स्टुडंट-स्टुडंट' लॉगिन देण्याऐवजी प्रत्येकाला स्वतःचं खातं द्यावं. सेकंड इयरला जी सवय लागते तीच नोकरीत जाते. प्रोजेक्टच्या पहिल्या रिव्ह्यूलाच गाईडनी एक प्रश्न विचारावा: "तुमचा प्रोग्राम डेटाबेसला कोणत्या नावाने जोडला जातो?" उत्तर 'रूट' आलं तर तिथेच परत पाठवावं. आणि खऱ्या माणसांची माहिती वापरलेली असेल तर रिपोर्टमध्ये एकही खरं नाव नाही अशी सही ग्रुपकडून घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. एवढा दंड कुठल्याही ग्रुपच्या मेसबिलात बसणार नाही!

आपल्याकडे 'शिक्कामोर्तब' हा शब्द रोजच्या बोलण्यात आहे. जुन्या काळी पत्राच्या वर शिक्का असायचा, तो कुणाचं पत्र हे सांगायला, आणि शेवटी मोर्तब, मजकूर इथे संपला, पुढे कुणी काही घुसडू नये म्हणून. म्हणजे कागद कुणाचा आणि त्यात फेरफार झाला का, या दोन्ही प्रश्नांची काळजी त्या कारकुनांनी शाईने आणि ठशाने घेतली होती. आपल्याकडे सोळा जीबी रॅम आहे.

शेवटचं. दुरुस्ती झाल्यावर आम्ही पुन्हा संस्थेत गेलो आणि ताईंना खरं सांगितलं, की त्या दिवशी आम्ही 'एकच किल्ली' म्हणालो ते चूक होतं. जरा घाबरतच सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. कपाट उघडून एक रजिस्टर काढलं आणि कोऱ्या पानावर स्वतःच्या हाताने लिहिलं: खातं कोणतं, कुणाकडे, काय करता येतं. चार ओळी झाल्या. म्हणाल्या, "दिवाळीच्या साफसफाईत कपाटाच्या किल्ल्या मोजते, तशी ही पण मोजत जाईन. कुणी नोकरी सोडली तर त्याची ओळ खोडायची आणि तुम्हाला फोन करायचा. बरोबर ना?"

एवढं सुरेख यूजर मॅनेजमेंट मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही.

होस्टेलवर अजूनही कुणी "बुधवारात चाललोय" म्हणालं की मजला हसतो. मला आता हसू येत नाही, कारण त्या पेठेतल्या काही माणसांनी आपलं सगळ्यात जपलेलं गुपित माझ्या हातात दिलं होतं आणि मी ते टक्क्याच्या चिन्हापुढे ठेवून दिलं होतं. तुमचाही प्रोजेक्ट कुणाच्या तरी खऱ्या आयुष्यावर चालत असेल, हॉस्पिटल असेल, पतपेढी असेल, नाहीतर आपल्या मेसची उधारीची वहीसुद्धा. आज रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडा आणि किल्ल्या मोजा.

बघा, किती निघतात.

(अंतिम वर्ष, संगणक अभियांत्रिकी)